कॅन : दोन ट्रॅक आणि एक ब्लेड

‘मदर स्काय’ सुरू होतं तेव्हा गिटार आधीच पेटलेली असते. सुरुवातीची मोजणी नाही, हळूहळू तापवणं नाही. बंद खोलीचं दार उघडावं आणि आत केव्हापासून चाललेली मैफल एकदम अंगावर यावी, तसं वाटतं. ते दार वादकांनी उघडलेलं नाही, टेपवर मारलेल्या एका कापाने उघडलंय. १९७० च्या ‘साउंडट्रॅक्स’वरचं हे साडेचौदा मिनिटांचं गाणं कॅन हा जर्मन बँड समजून घ्यायला सगळ्यात सोयीचं. तासन्‌तास वाजवायचं आणि मग कात्री लावायची, हा त्यांचा खाक्या इथे पहिल्या सेकंदालाच कळतो.

बँडची ओळख थोडक्यात. जर्मनीतलं कलोन, साल १९६८. इर्मिन श्मिट (कीबोर्ड) आणि होल्गर चुकाय (बास) हे दोघे कार्लहाइन्त्स श्टोकहाउझेन या आधुनिक संगीतकाराचे विद्यार्थी. मिशाएल कारोली (गिटार) त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान, चुकायकडे गिटार शिकलेला. याकी लीबेत्साइट (ड्रम) फ्री जॅझला कंटाळून आलेला. आडनावात ‘त्साइट’ म्हणजे ‘काळ’ घेऊन फिरणाऱ्या ड्रमरला बँडमध्ये घ्यावंच लागतं. पहिला गायक माल्कम मूनी अमेरिकन चित्रकार-शिल्पकार. तो परत गेल्यावर १९७० मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर गाणारा जपानी तरुण दामो सुझुकी भेटला आणि त्याच संध्याकाळी स्टेजवर चढला. बँडचं आधीचं नाव ‘इनर स्पेस’. ‘कॅन’ म्हणजे इंग्रजीत डबा हे सगळ्यांना माहीत असतं, पण तुर्कीत हीच अक्षरं ‘जान’ अशी उच्चारतात आणि अर्थही आपल्या ‘जान’चाच, दोन्हीकडे फारसीतून आलेला. १९७२ च्या ‘एगे बाम्यासी’च्या मुखपृष्ठावर तर चक्क भेंडीचा डबा आहे. ‘बाम्या’ म्हणजे भेंडी, ‘एगे’ म्हणजे एजियन समुद्राचा भाग.

आता मुद्द्याचं. ‘मॉन्स्टर मूव्ही’ (१९६९) पासून ‘सून ओव्हर बाबालूमा’ (१९७४) पर्यंतचं सगळं काम दोन ट्रॅकवर झालं. एक डावा, एक उजवा, बस्स. त्याच काळात मोठ्या स्टुडिओंत आठ आणि सोळा ट्रॅकची यंत्रं आली होती. तिथे ड्रम वेगळा, आवाज वेगळा, आणि जे बिनसेल ते मिक्सच्या वेळी सावरायचं. कॅनकडे ती सोय नव्हती. बास मोठा झाला तर तो कायमचा मोठा. गायक माइकपासून दूर गेला तर तो दूरच राहिला. म्हणून मिक्स खोलीतच, वाजवता वाजवताच व्हायचा. दुसऱ्याचं ऐकू येत नसेल तर स्वतःचा आवाज कमी करायचा, एवढा एकच फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) प्रत्येकाच्या हातात होता.

सुरुवातीची जागा म्हणजे कलोनजवळचा श्लॉस नॉर्फेनिश हा किल्लेवजा वाडा. ‘मॉन्स्टर मूव्ही’ आणि ‘टागो मागो’ तिथले. १९७१ च्या अखेरीस ते वाइलरस्विस्ट गावातल्या एका बंद सिनेमागृहात गेले आणि भिंतींना लष्कराच्या सुमारे दीड हजार गाद्या टांगल्या. काचेपलीकडची वेगळी कंट्रोल रूम नव्हती. टेप मशीन वादकांच्या खोलीतच. चुकाय बासही वाजवणार आणि मशीनही सांभाळणार.

काप ऐकायचे कसे

हेडफोन लावा आणि ‘हालेलूवा’ घ्या. ‘टागो मागो’ (१९७१) च्या पहिल्या तबकडीची दुसरी बाजू या एकाच गाण्याने भरलेली आहे, साडेअठरा मिनिटं. सुरांकडे लक्ष देऊ नका, खोलीकडे द्या. झांजेचा झणकार, ड्रममागची हवा, ऑर्गनची घरघर यांत अचानक फरक पडला की तिथे जोड आहे. सूर आणि ठेका लपवता येतो, खोलीची हवा लपवणं अवघड. या गाण्यात एकदा ठेकाच नाहीसा होतो, वेगळ्याच वेळची वाटणारी वाद्यं येतात, आणि मग ठेका असा परततो की मधल्या काळात शेजारच्या खोलीत तो चालूच होता.

हे साधतं कशामुळे, तर लीबेत्साइटमुळे. तबल्याच्या एकल वादनात लेहरा धरणारा जे करतो, ते इथे ड्रम आणि बास करतात. तेच आवर्तन, तोच वजनदार ठेका, सम कधी हलत नाही. विस्तार बाकीच्यांनी करायचा. आपल्याकडे सारंगी किंवा पेटी स्थिर आणि तबला मोकळा, इथे नेमकं उलटं. ‘एगे बाम्यासी’वरचं ‘वन मोअर नाइट’ सात मात्रांचं आहे. रूपक कानात बसलेल्याला ते पहिल्या दोन आवर्तनांत पकडता येईल. चार-चार मोजायची सवय असलेला बराच वेळ चाचपडत राहतो. ठेका इतका पक्का असतो म्हणूनच पहिल्या तासातलं एक आवर्तन चौथ्या तासातल्या आवर्तनाला जोडता येतं. लय दोन टक्के जरी सरकली, म्हणजे मिनिटाला १०० ठोक्यांची १०२ झाली, तरी जोडावर पाय अडखळतो.

‘मॉन्स्टर मूव्ही’वरचं ‘यू डू राइट’ अनेक तासांच्या वादनातून वीस मिनिटांवर आणलं. वीसच का? एलपीच्या एका बाजूला चांगल्या आवाजात साधारण तेवढंच मावतं. त्यापुढे खाचा दाटीने पाडाव्या लागतात, आवाजाची पातळी खाली येते आणि खर्ज पातळ होतो. ‘फ्यूचर डेज’ (१९७३) वरचं ‘बेल एअर’ही त्याच मापाचं, एक पूर्ण बाजू. लांबी संगीताने ठरवली असं म्हणायला छान वाटतं, पण फूटपट्टी तबकडीच्या हातात होती.

हेच स्वतः करून पाहायचं असेल तर

तीन-चार वादक, एक खोली आणि दोन चॅनलचा रेकॉर्डर पुरे. हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डरही चालेल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर तासाला सुमारे १.०४ जीबी जागा लागते. वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबीची, म्हणजे चार तासांच्या पुढेमागे रेकॉर्डर आपोआप नवी फाइल उघडतो. काही यंत्रं या सांध्यावर आवाजाचा बारीकसा तुकडा गाळतात. म्हणून दर तासाला स्वतःच थांबवून नवी फाइल सुरू करा. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. तिसऱ्या तासाला सगळे जोरात वाजवायला लागतात, तेव्हा ही बारा डेसिबलची मोकळी जागा कामाला येते. मशीनवरची ‘ऑटो लेव्हल’ बंद. ती चालू राहिली तर प्रत्येक जोरकस ठोक्यानंतर खोलीची हवा फुगते आणि पुढे कुठलेच दोन तुकडे एकमेकांना जुळत नाहीत.

खोली. गाद्यांनी वरचे आणि मधले स्वर शोषले जातात, खर्ज नाही. ८० हर्ट्झच्या स्वराची लाट सव्वाचार मीटर लांब असते. तिला अडवायला भिंतीपासून मीटरभर जाडीचा थर लागतो, चार इंची कापसाची गादी तिला जुमानत नाही. नुसते पडदे लावले तर आणखी वाईट, कारण वरची चमक जाते आणि खालची घूं-घूं तशीच उरते. घरात करायचं असेल तर दोन गाद्या ड्रमच्या मागच्या कोपऱ्यात उभ्या करा, भिंतीला चिकटवून नाही, वीतभर पुढे. बासचा अँप कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपऱ्यात खर्ज फुगतो, आणि दोन ट्रॅकवर तो नंतर उतरवता येत नाही, कारण त्याच्यासोबत बास ड्रमही उतरतो.

माइक एकच जोडी असेल तर ड्रमसमोर दोनेक मीटरवर, छातीच्या उंचीवर ठेवा आणि बाकी सगळं त्याभोवती रचा. एखादं वाद्य मोठं वाटलं तर नॉब फिरवण्याआधी ते वाद्य एक पाऊल मागे न्या. गायकाचा स्पीकर माइकच्या बरोबर पाठीमागे, माइकच्या शेपटीकडे तोंड करून ठेवा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं टिपणाऱ्या, माइकला तिथलं सगळ्यात कमी ऐकू येतं. पाच मिनिटं रेकॉर्ड करा, ऐका, हलवा, पुन्हा पाच मिनिटं. यात पहिला दीड तास गेला तरी वाईट वाटून घेऊ नका, मिक्सचं काम हेच आहे. समतोल जमला की प्रत्येक स्टँडच्या पायाशी जमिनीवर चिकटपट्टीने खूण करा. दुसऱ्या दिवशी माइक वीतभर जरी सरकला तरी दोन दिवसांचे तुकडे जोडताना चित्र डावीकडून उजवीकडे उडी मारतं, आणि ते कानाला ब्लेडच्या कापापेक्षा जास्त टोचतं.

सूर लावणं हा दुसरा खड्डा. तारा तापतात, उतरतात. तीन तासांनी गिटार दहा-पंधरा सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली गेलेली असते आणि वाजवताना कुणाला कळत नाही, कारण सगळेच मिळून घसरलेले असतात. पण पहिल्या तासाचा तुकडा तिसऱ्या तासाच्या शेजारी ठेवला की जोडावर बास आजारी वाटतो. टेपवर काम करताना वेगातली एक टक्का चूकही सूर सतरा सेंट हलवते. उपाय साधा आहे, दर अर्ध्या तासाला स्थिर सुराच्या वाद्याला मिळवून घ्या. कॅनकडे श्मिटचा फारफिसा ऑर्गन होता, तुमच्याकडे कीबोर्ड किंवा पेटी असेल.

वाजवून झालं की लगेच कापायला बसू नये. आधी सगळं एकदा सलग ऐका आणि वहीत वेळ लिहा. कुठे काय सुरू झालं, लय किती आहे, कोण गप्प आहे, सगळं. ‘छान’ असं लिहू नका, त्याने पुढे काही कळत नाही. ‘१ तास १२ मि., बास फक्त दोन सुरांवर, ऑर्गन बंद, लय ९८’ असं लिहा. ऑर्गन कुठे बंद आहे ही नोंद सोन्याच्या मोलाची, कारण काप तिथेच लपतो.

ब्लेड

पाव इंची टेपवर काम करणाऱ्यांसाठी. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने, मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत, एक मात्रा ११.४ सेंटिमीटरची होते आणि चार मात्रा बरोबर दीड फुटाच्या. म्हणजे ताल खरोखर पट्टीने मोजता येतो. रिळं हाताने पुढेमागे हलवत बास ड्रमच्या ठोक्याची सुरुवात शोधा, प्लेबॅक हेडच्या मधोमध टेपच्या पाठीवर पांढऱ्या मेणपेन्सिलीने खूण करा. काप ठोक्याच्या किंचित आधी, कधीच नंतर नाही. ठोका स्वतःच जोड झाकतो. ठोक्यानंतर कापलं तर त्याची धार जाते आणि जागी फुसका आवाज उरतो.

कापाचा कोन ४५ अंश असतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. स्टिरिओसाठी ते डोळे मिटून स्वीकारू नका. टेप ६.३ मिलिमीटर रुंद, म्हणजे ४५ अंशांच्या कापाची दोन टोकं तेवढीच पुढेमागे. १९ च्या वेगाने हा फरक ३३ मिलिसेकंदांचा होतो. एका कानात नवा तुकडा आधी, दुसऱ्या कानात नंतर. लांबलेल्या सुरावर हे मऊ लागतं आणि चांगलं वाटतं. ड्रमवर मात्र ठोका एका बाजूला झुकतो. तिथे कोन उभा करा, नव्वदच्या जवळ. ३८ च्या वेगाने रेकॉर्ड केलं असेल तर फरक अर्ध्यावर येतो, पण टेप दुप्पट खर्च होते. अडीच हजार फुटांचं रीळ १९ वर सहासष्ट मिनिटं चालतं, ३८ वर तेहतीस.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. लोखंडी ब्लेड चुंबकीय झालं असेल तर प्रत्येक जोडावर ‘टक्’ ऐकू येतं. ते डिमॅग्नेटाइझ करा किंवा बदला. जोडपट्टी टेपच्या पाठीवर लावायची, ऑक्साइडच्या म्हणजे आवाज नोंदला जातो त्या बाजूला नाही, आणि ती टेपपेक्षा किंचित अरुंद हवी, साडेपाच मिलिमीटरची. घरातली सेलोटेप लावली तर काही महिन्यांत तिचा गोंद बाजूने पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात. मशीन क्वार्टर-ट्रॅक असेल आणि दोन्ही दिशांनी रेकॉर्ड केलं असेल, तर या बाजूचा काप त्या बाजूचं गाणंही कापतो. हा शोध बहुतेकांना उशिराच लागतो. कॅसेटवर हा उद्योग करू नका. तिथे एक मात्रा जेमतेम तीन सेंटिमीटरची आणि पट्टी चार मिलिमीटरहून कमी रुंद, वर दुसरी बाजू आहेच.

संगणकावर हेच काम पाच मिनिटांचं, म्हणूनच ते निष्काळजीपणे होतं. ठोक्यावरच्या जोडाला ५ ते १५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा वर येणं) पुरतो. लांबवला तर दोन बास ड्रम एकमेकांवर चढतात आणि ठोका दुहेरी ऐकू येतो. नुसत्या ऑर्गनच्या किंवा फीडबॅकच्या पट्ट्यात मात्र अर्ध्या सेकंदापर्यंत जा. दोन वेगळ्या वेळचे तुकडे असतील तर ‘इक्वल पॉवर’ वक्र, नाहीतर मध्ये आवाज खचतो. एकच ध्वनी स्वतःवर चढत असेल तर सरळ रेषेचा, नाहीतर मध्ये तीन डेसिबलचा फुगवटा येतो. आणि ग्रिडला, म्हणजे पडद्यावरच्या मात्रांच्या रेघांना, चिकटवून लय सरळ करण्याचा मोह टाळा. लीबेत्साइटला यंत्र म्हणतात ते त्याच्या सातत्यासाठी. खरं यंत्र कसं लागतं हे कॅनने ‘पेकिंग ओ’ आणि ‘स्पून’मध्ये रिदम मशीन वापरून स्वतःच दाखवलंय. ‘स्पून’मध्ये यंत्राच्या टिकटिकीभोवती माणूस वाजवतो, आणि दोघांमधल्या त्या बारीक फटीत गाण्याची सगळी मजा आहे. जर्मन टीव्ही मालिका ‘दास मेसर’चं शीर्षकसंगीत म्हणून ते घराघरांत पोहोचलं आणि तिथल्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं.

दोन ट्रॅकवर वरून काही भर घालायची असेल तर दुसरं मशीन लागतं. पहिल्यावरून वाजवायचं, त्यासोबत नवीन वाद्य वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्यावर घ्यायचं. प्रत्येक पिढीत टेपची सरसर वाढते. दुसऱ्या पिढीत तीन डेसिबल, चौथीत सहा. जुना थर नंतर कमी-जास्त करता येत नाही, तो भिंतीत गेलेला असतो. म्हणून भर घालायची ती एकदाच आणि ठरवून, जमल्यास ज्या वाद्याला खोलीत जागाच मिळाली नाही त्याची.

१९७५ च्या ‘लँडेड’पासून त्यांच्याकडे सोळा ट्रॅक आले. वाजवणारे तेच, कारोलीची गिटार तर कधी नव्हे इतकी स्वच्छ. पण आता प्रत्येकाला आपापला ट्रॅक नंतर एकट्याने सुधारता येऊ लागला, आणि सुधारता येतंय म्हटल्यावर कुणी एकमेकांसाठी जागा सोडेना. ‘बाबालूमा’ आणि ‘लँडेड’ लागोपाठ ऐका. पहिल्यात वाद्यं एकमेकांच्या आड जातात, पुन्हा बाहेर येतात. दुसऱ्यात सगळी एका रांगेत उभी आहेत, फोटो काढायला थांबल्यासारखी. त्यानंतरही ‘आय वॉन्ट मोअर’ ब्रिटनमध्ये चाललं, १९७७ च्या ‘सॉ डिलाइट’मध्ये ट्रॅफिक बँडमधले रॉस्को जी आणि रीबॉप क्वाकू बा आले, चुकायने बास खाली ठेवला आणि वर्ष सरायच्या आत बँडही सोडला. ते अल्बम वाईट नाहीत, पण मला त्यांत कात्री ऐकू येत नाही.

कुठून सुरुवात करावी? ‘एगे बाम्यासी’. चाळीस मिनिटं आणि ‘व्हिटॅमिन सी’सारखी छोटी, ठसठशीत गाणी. मग ‘फ्यूचर डेज’. ‘टागो मागो’ तिसरा, आणि तोही पहिली तबकडी वेगळ्या दिवशी, दुसरी वेगळ्या दिवशी. दुसऱ्या तबकडीवरचं ‘आउम्न्’ हे नाव ‘ॐ’ची इंग्रज गूढवादी अ‍ॅलिस्टर क्राउलीने केलेली फोड आहे. त्यात शांती शोधायला जाऊ नये, सतरा मिनिटं भुयारातून चालल्याचा अनुभव आहे तो. २००४-०५ मध्ये आलेली रीमास्टर केलेली मालिका सहज मिळते आणि बहुतेक स्ट्रीमिंगवर तीच आहे. कात्रीशिवायचा कॅन हवा असेल तर २०२१ पासून निघालेल्या लाइव्ह मालिकेतलं ‘श्टुटगार्ट १९७५’ घ्या. तिथे गाण्यांना नावंच नाहीत, जर्मनमध्ये एक, दोन, तीन, चार, पाच. नव्वद मिनिटं सलग, ओळखीचे ठेके मध्येच डोकं वर काढतात आणि बुडतात. काही भाग कंटाळवाणे आहेत. चुकायने टेबलावर काय काय फेकलं असेल याचा अंदाज त्या कंटाळ्यावरूनच येतो.

फेकलं म्हणजे अगदी फेकलं नव्हतं. वाइलरस्विस्टचा स्टुडिओ मोडून ग्रोनाउ इथल्या रॉक संग्रहालयात हलवला, तेव्हा जुन्या टेपांचा साठा निघाला. त्यातून निवडलेल्या तीन सीडी २०१२ मध्ये ‘द लॉस्ट टेप्स’ या नावाने आल्या. तेव्हा तुम्हीही कापलेले तुकडे रिकाम्या रिळावर गुंडाळा, दोन तुकड्यांमध्ये हातभर रंगीत लीडर टेप (आवाज न नोंदणारी पट्टी) घाला, आणि डब्यावर तारीख, वेग, लय आणि कुठलं टोक बाहेर आहे ते लिहा. टेप शेपटाचं टोक बाहेर ठेवून साठवायची. वेढ्यांतून एका थराचा आवाज दुसऱ्यावर उमटतो, तो मग ठोक्याच्या आधी न येता नंतर येतो आणि प्रतिध्वनीत मिसळून जातो.